शॉर्टवेव्हसाठी छोटा रेडिओ कोणता घ्यावा आणि तो कशावर चालवावा?

प्रश्न : श्रीवर्धनकर

नमस्कार. माझे वडील पंचाहत्तरी ओलांडलेले असून श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या जुन्या घरी राहतात आणि मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर वीज आणि मोबाइलचे टॉवर कितीतरी दिवस बंद होते. त्या काळात बाहेर काय चालले आहे हे कळण्याचे कोणतेही साधन घरात उरले नव्हते. जुना ट्रान्झिस्टर होता, परंतु त्यातले सेल गळून स्प्रिंगा गंजल्या होत्या.

वडिलांना रेडिओची मनापासून आवड आहे. तरुणपणी ते रेडिओ सिलोन ऐकत, पुढे अनेक वर्षे बीबीसी हिंदीच्या सायंकाळच्या बातम्या ऐकत. आता त्यांना पुन्हा शॉर्टवेव्ह असलेला एक चांगला, हातात मावेल असा रेडिओ घेऊन द्यायचा आहे. दहा-बारा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. मित्राकडून एक सेट मागून आणून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये लावून पाहिला, पण दिवसा-रात्री केव्हाही लावला तरी सगळ्या पट्ट्यांवर एकसारखी घरघर ऐकू येत होती आणि एखादे स्टेशन लागलेच तर ते त्या घरघरीत बुडून जात होते. सोबत आलेल्या ॲडॉप्टरवरच तो लावला होता.

माझे प्रश्न असे आहेत : शॉर्टवेव्हवर ऐकण्यासारखे आता काही उरले आहे का? कोणता सेट घ्यावा? आणि गावाकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, हे लक्षात घेता तो सेलवर, पॉवर बँकेवर, की इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवावा? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर : लघुलहरी, नाशिक

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सेटची निवड त्यावरच अवलंबून आहे असे माझे ठाम मत आहे. लोक महिनाभर मॉडेलांची तुलना करतात आणि शेवटी तो महागडा सेट मोबाइलच्या चार्जरवर लावतात. मग घरघर येते आणि दोष रेडिओला दिला जातो.

हल्लीचा प्रत्येक हलका ॲडॉप्टर स्विच-मोड पद्धतीचा असतो. तो विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून व्होल्टेज उतरवतो आणि या तोडजोडीतून निर्माण होणारा गोंगाट नेमका मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) आणि लघुलहरींच्या (शॉर्टवेव्हच्या) पट्ट्यांत पसरतो. तारेतून तो थेट रेडिओत शिरतो. त्याहून मोठी अडचण अशी की, ॲडॉप्टर जोडला की घरातले सगळे वायरिंग रेडिओच्या अँटेनाचा भाग होते आणि शेजारच्या घरातले एलईडी बल्ब, राउटर, सेट-टॉप बॉक्स, बीएलडीसी पंखे, लिफ्टची मोटर चालवणारे यंत्र, गच्चीवरील सौर इन्व्हर्टर या सर्वांचा कचरा त्या वायरिंगमधून आत येतो. अशा वेळी सिग्नल दाखवणाऱ्या रेषा वाढलेल्या दिसतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की ॲडॉप्टरवर रेडिओ जास्त चांगला चालतो. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो गोंगाट. टेकसन पीएल-३१०ईटीसारख्या सेटच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात. पहिला सिग्नलची ताकद सांगतो आणि दुसरा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगतो. नेहमी दुसरा आकडा पाहावा.

म्हणून ठाण्याच्या घरात आधी एक तपासणी करा. रेडिओ सेलवर लावा, ४९ मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे ५९०० ते ६२०० किलोहर्ट्झच्या दरम्यान, एखादी रिकामी जागा शोधा आणि घराचा मुख्य एमसीबी बंद करा. घरघर लक्षणीय कमी झाली तर शत्रू आपल्याच घरात आहे. मग एमसीबी चालू करून एकेक उपकरण लावत जा आणि घरघर केव्हा परतते ते ऐका. बहुतेक वेळा एखादा स्वस्त एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर सापडतो. चार्जरला फोन जोडलेला नसला तरी तो सॉकेटमध्ये असला म्हणजे पुरे. एमसीबी बंद करूनही घरघर तशीच राहिली तर ती शेजारून किंवा इमारतीतून येत आहे, आणि त्यावर खिडकीबाहेरची अँटेना एवढाच उपाय उरतो.

आता वीज कशाची वापरावी याबद्दल. सर्वांत शांत स्रोत म्हणजे साधे सेल. पेन्सिल सेलवर चालणारा सेट घेतला तर दोन फायदे होतात : आवाज स्वच्छ येतो आणि तालुक्याच्या कोणत्याही किराणा दुकानात सेल मिळतात. रोजच्या ऐकण्यासाठी निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे, कमी स्वयंविसर्ग होणारे, चार्ज होणारे सेल घ्यावेत. हे सेल चार्ज करून कपाटात ठेवले तरी वर्षभराने त्यांच्यात बराचसा भार शिल्लक असतो. त्यांचे व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असते, त्यामुळे चार सेलचे ६ ऐवजी ४.८ व्होल्ट होतात, परंतु बहुतेक चांगले सेट हे गृहीत धरूनच बनवलेले असतात. मध्यम आवाजात असा सेट साधारण शंभर मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल वीसेक तास चालायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. बाजारात पूर्ण १.५ व्होल्ट देणारे, युएसबीवर चार्ज होणारे लिथियम पेन्सिल सेल आले आहेत. त्यांच्या पोटात ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि व्होल्टेज उतरवणारे छोटे स्विचिंग सर्किट असते. म्हणजे ज्या गोंगाटापासून पळण्यासाठी आपण सेल घातले, तोच गोंगाट सेलच्या कप्प्यातून आत येतो. टॉर्चसाठी ते उत्तम आहेत, शॉर्टवेव्हसाठी अजिबात नाहीत. पॉवर बँकेचीही हीच कथा आहे. आतले ३.७ व्होल्ट वाढवून ५ करताना ती गोंगाट करते, शिवाय रेडिओ इतका कमी प्रवाह घेतो की अनेक पॉवर बँका काही जोडलेलेच नाही असे समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

आपत्तीसाठी म्हणून बाजूला ठेवायचे सेल अल्कलाइन घ्यावेत आणि ते रेडिओच्या आत न ठेवता वेष्टनातच शेजारी ठेवावेत. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरचे जे झाले ते यामुळे टळेल. ज्या सेटमध्ये सेल आतल्या आत चार्ज करण्याची सोय असते, त्यात साधे सेल घातलेले असताना चार्जिंग सुरू होणार नाही याचीही खात्री करून घ्यावी, नाहीतर सेल फुगतात आणि गळतात.

उत्तर : कृष्णाकाठची श्रोती, सांगली

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल थोडे सांगते.

ऐकण्यासारखे काय उरले आहे याचे प्रामाणिक उत्तर असे की, पूर्वीच्या मानाने बरेच कमी झाले आहे, पण शॉर्टवेव्ह मेलेली नाही. बीबीसी हिंदीने शॉर्टवेव्हवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबवले, त्यामुळे आपल्या वडिलांना त्या सायंकाळच्या बातम्या आता मिळणार नाहीत, आणि हे त्यांना सेट देण्यापूर्वीच सांगावे. नेदरलँड्सच्या रेडिओने तर २०१२ सालीच शॉर्टवेव्ह सोडली. बीबीसीची इंग्रजी सेवा, चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, रुमानिया आणि व्हॅटिकन यांची केंद्रे मात्र आजही शॉर्टवेव्हवर आहेत, आणि त्यांपैकी काहींचे हिंदी कार्यक्रमही असतात. ही वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. ती जागतिक वेळेत छापलेली असतात, म्हणून त्यांत साडेपाच तास मिळवावेत. जुन्या वेळेवर स्टेशन लागले नाही म्हणून रेडिओ बिघडला असे समजणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

रेडिओ सिलोनचा उल्लेख वाचून फार बरे वाटले. १९५२ साली नभोवाणी खाते एका मराठी मंत्र्याकडे, डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि सारा देश कोलंबोकडे कान लावून बसला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तिच्यामागे हेच मोठे कारण होते. आपल्या वडिलांच्या पिढीला ज्या पट्ट्याची सवय आहे, तो २५ मीटरचा पट्टा त्या दिवसांचा आहे.

कोणत्या वेळी कुठे शोधावे याचा नियम सोपा आहे. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, म्हणून दुपारी १९, १६ आणि १३ मीटरच्या पट्ट्यांत, म्हणजे १५ मेगाहर्ट्झच्या वर शोधावे. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि ४९, ४१ व ३१ मीटरचे पट्टे जागे होतात. वळवाच्या पावसाच्या दिवसांत मात्र खालच्या पट्ट्यांवर विजांचा कडकडाट फार असतो आणि त्यावर कोणताही रेडिओ उपाय करू शकत नाही.

आता सेट. आपली गरज पाहता मी टेकसन पीएल-६६० किंवा त्याच मालिकेतला पीएल-६८० सुचवेन. दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात, त्यांत दुहेरी रूपांतराचे (म्हणजे सिग्नलची फ्रिक्वेन्सी दोनदा बदलून खोटी स्टेशने टाळणारे) सर्किट आहे, हौशी रेडिओ चालकांच्या गप्पा ऐकण्यासाठी लागणारे सिंगल साइडबँड आहे आणि सिग्नल चढ-उतार झाला तरी आवाज सावरणारे सिंक्रोनस डिटेक्शनही आहे. शॉर्टवेव्हवर स्टेशन वर-खाली होते, आवाज मध्येच घशात अडकल्यासारखा फाटतो, तो या सिंक्रोनस डिटेक्शनमुळे बराच सुधारतो. वयस्कर माणसाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची बटणे मोठी असून आकडे थेट दाबून स्टेशन लावता येते. पीएल-३३० त्याहून खूपच छोटा आणि गुणी आहे, पण तो बीएल-५सी या चपट्या बॅटरीवर चालतो, आणि एक्सएचडेटा डी-८०८ हा १८६५० या लिथियम सेलवर. दोन्हींची ग्रहणक्षमता उत्तम आहे. मात्र वीज चार दिवस नसेल तर गावात ती बॅटरी चार्ज कशी करणार, हा प्रश्न उरतोच. ठाण्यात राहणाऱ्यासाठी मी पीएल-३३० आनंदाने सुचवला असता.

काट्याचे स्वस्त सेटही वाईट नसतात. टेकसन आर-९०१२ दोन सेलवर फार दिवस चालतो. परंतु एकेरी रूपांतराच्या अशा सेटमध्ये एखादे जोरदार स्टेशन त्याच्या खऱ्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्झ खालीही पुन्हा ऐकू येते, आणि काटा नेमका कुठे आहे ते कळत नाही. आठवणीने हात फिरवणाऱ्यांना त्यात मजा येते, नव्याने सुरुवात करणाऱ्याचा गोंधळ होतो. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर हा माझा स्वतःचा आवडता सेट आहे, पण त्याचे उत्पादन थांबले आहे आणि जुना घेताना सेलच्या कप्प्यातले स्प्रिंग व टेलिस्कोपिक अँटेनाचा सांधा हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परदेशी सेट आणल्यावर पहिले काम एकच : मध्यमलहरींची पायरी १० किलोहर्ट्झवरून ९ वर आणणे. आपल्याकडची केंद्रे ९ च्या पायरीवर असतात. मुंबई ५५८ किलोहर्ट्झवर आणि पुणे ७९२ वर आहे. पायरी १० ची राहिली तर सेट शोध घेताना ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि मराठी बातम्या देणारे केंद्र त्याला नीट सापडतच नाही. वादळात आपल्या वडिलांच्या खरोखर उपयोगी पडेल ती मध्यमलहर, हे विसरू नये. त्यासाठीची अँटेना सेटच्या पोटातच आडवी असते. टेलिस्कोपिक अँटेना ओढून काही होत नाही, सेट स्वतःभोवती फिरवून ज्या दिशेला आवाज भरतो तिथे ठेवावा लागतो.

श्रीवर्धनकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एमसीबी बंद करून पाहिले. घरघर जवळजवळ नाहीशी झाली, आणि मग एकेक करत गेलो तेव्हा राउटरचा ॲडॉप्टर आणि स्वयंपाकघरातले दोन बल्ब दोषी निघाले. सेलवर तोच सेट खिडकीत ठेवल्यावर रात्री ३१ मीटरवर अर्धा डझन स्टेशने स्पष्ट लागली. सेट पीएल-६८० घ्यायचे ठरवतो आहे.

आता एवढेच विचारायचे आहे : गावी इन्व्हर्टरची १२ व्होल्टची मोठी बॅटरी आहेच, तिच्यावरून रेडिओ चालवता येईल का? आणि अंगणात नारळाची झाडे आहेत, त्यांना बांधून तार सोडली तर किती लांब असावी?

उत्तर : तारायंत्र, रत्नागिरी

मी परवानाधारक हौशी रेडिओ चालक आहे, कोकणातल्या घरांत हेच सारे करून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून रेडिओ चालेल, पण वीज गेल्यावर त्याच बॅटरीवर इन्व्हर्टरही चालू असतो, आणि इन्व्हर्टर हा स्वतःच गोंगाटाचा मोठा कारखाना आहे. त्याच्या तारांना रेडिओ जोडणे म्हणजे ॲडॉप्टर पुन्हा मागच्या दाराने घरात घेणे होय. त्यापेक्षा संगणकाच्या युपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी वेगळी घ्यावी. ती पूर्ण रिकामी न करता निम्मीच वापरली तरी शंभर मिलिअँपिअरच्या हिशोबाने पस्तीस तास मिळतात. रोज तीन तास ऐकले तर वादळानंतरचे दहा-अकरा दिवस सहज निघतात.

बारा व्होल्टचे सहा करण्यासाठी ऑनलाइन मिळणारे छोटे स्विचिंग बक कन्व्हर्टर घेऊ नयेत. ७८०६ हा तीन पायांचा साधा रेग्युलेटर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अत्यल्प किमतीत मिळतो, तो गोंगाट करत नाही. जादा व्होल्टेज तो उष्णतेत घालवतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ते जवळपास पाऊण वॅट होते, म्हणून त्याला अॅल्युमिनियमची छोटी पट्टी स्क्रूने बसवावी. आत येणाऱ्या बाजूला ०.३३ आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर त्याच्या पायांजवळच सोल्डर करावेत. बॅटरीच्या धन टोकालगत एक अँपिअरचा फ्यूज घालायला विसरू नये, कारण अशी बॅटरी शॉर्ट झाली तर तार लालभडक होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेडिओच्या सॉकेटजवळचे चिन्ह पाहूनच पिन जोडावी. या प्रकारच्या कित्येक सेटमध्ये पिनेचा मधला भाग ऋण असतो, बाजारातल्या बहुतेक पिनांमध्ये तो धन असतो, आणि उलटी जोडणी झाली तर सेट जळू शकतो. मल्टीमीटरने मोजल्याशिवाय जोडू नका.

ती बॅटरी भरण्यासाठी दहा वॅटचे सौर पॅनेल पुरते. पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर मात्र उन्हात घरघर करतो. ऐकण्याच्या वेळी पॅनेलची तार काढून ठेवावी किंवा रात्रीच ऐकावे.

तारेबद्दल लोकांचा समज असतो की जितकी लांब तितकी चांगली. हातात मावणाऱ्या सेटच्या बाबतीत तसे नाही. त्याचा पुढचा भाग टेलिस्कोपिक अँटेनाच्या बेताने बनवलेला असतो, आणि त्याला तीस मीटर तार जोडली की रात्री जोरदार स्टेशने एकमेकांवर चढतात, नसलेल्या जागीही ऐकू येतात. सात ते दहा मीटर प्लॅस्टिकचे आवरण असलेली बारीक तार पुरे. ती घरापासून दूर जाईल अशी तिरकी ताणावी. घराच्या भिंतीला समांतर नेली तर ती आतल्या वायरिंगचा गोंगाट उचलते. नारळाला थेट बांधू नका, कारण वाऱ्यात झाड डोलते आणि तार तुटते. मध्ये नायलॉनची दोरी घालून थोडी सैल सोडा. दुसरे टोक सेटच्या अँटेना सॉकेटमध्ये, किंवा नुसते मगर-चिमट्याने टेलिस्कोपिक अँटेनाला लावले तरी चालते. रात्री स्टेशने एकमेकांत मिसळू लागली तर सेटवरील ग्रहणशक्ती कमी करणारा खटका वापरा.

पहिल्यांदा तार लावल्यावर फायदा झाला की नाही हे ठरवण्यासाठी १० मेगाहर्ट्झवर, म्हणजे १०००० किलोहर्ट्झवर जा. तिथे चीनमधील बीपीएम हे वेळदर्शक केंद्र दर सेकंदाला टिकटिक करते. बातम्या आणि गाणी बदलत राहतात, ही टिकटिक बदलत नाही, त्यामुळे तारेसह आणि तारेविना तुलना करायला ती उत्तम. वडिलांना सिंगल साइडबँडची गोडी लागली तर ७००० ते ७२०० किलोहर्ट्झच्या दरम्यान लोअर साइडबँडवर सकाळी आमच्यासारख्यांच्या गप्पाही त्यांना ऐकता येतील.

आणि पावसाळ्याबद्दल आग्रहाने सांगतो. आभाळ भरून आले, लांब कुठे गडगडले, की तार रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, रेडिओ तेवढा वेळ त्याच्या स्वतःच्या अँटेनावर चालवायचा. वीज थेट झाडावर पडली पाहिजे असे नाही, जवळपास पडली तरी तारेत इतके व्होल्टेज येते की सेटचा पुढचा भाग जातो, आणि जवळ बसलेल्या माणसालाही धोका असतो. वडील एकटे राहतात, तेव्हा तार काढणे सोपे जावे म्हणून सोल्डर न करता चिमटाच ठेवा, आणि खिडकीचा गज लोखंडी असेल तर तार त्यावर घासणार नाही अशी पीव्हीसीची नळी मध्ये घाला.